वाट 300 पावलांची, वेळ दोन तासांचा

मुरूड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: सातवीपर्यंतची शाळा, डिसेंबरात फणसाड अभयारण्याची सहल ठरली आहे. 42 मुलांपैकी 5 विशेष गरजा असलेली. एक स्वमग्न मुलगा आहे, बोलत नाही आणि संधी मिळाली की पळत सुटतो. एक मुलगी सेरेब्रल पाल्सीची, व्हीलचेअरवर. एका मुलाला डोळ्यांनी फार कमी दिसतं. दोन मुलं मतिमंद, त्यातल्या मुलीला फिट येतात. सहकारी म्हणतात, ‘त्यांना काय कळणार जंगलातलं? घरीच राहू देत, आपल्या डोक्याला ताप नको.’ न्यावं का, आणि न्यायचं तर कसं?

ताई, न्या. पाचही जणांना न्या, आणि वेगळ्या दिवशी नाही, बाकीच्या 37 जणांबरोबरच न्या. मात्र सहलीचा जो आराखडा शाळेत ठरला असेल तो आधी बाजूला ठेवा. तो बहुतेक असा असणार: सकाळी नऊला गेट, मग पाणवठ्यापर्यंत चाल, तिथे डबा, येताना काशीदचा समुद्र. एवढ्या आराखड्यात धडधाकट मूलही संध्याकाळी फक्त काशीदची वाळू लक्षात ठेवून घरी येतं.

मी विशेष शिक्षिका म्हणून 23 वर्षं रायगड-रत्नागिरीतल्या शाळा फिरते आहे. माझी पहिली जंगल-सहल पार फसली होती. 11 मुलं होती आणि मीही असंच ठरवलं होतं: तीन किलोमीटर चालायचं, पाणवठा गाठायचा, जनावर दिसलं तर बघायचं. किलोमीटरभर गेलो असू. पांगलेली मुलं गोळा करायला वाटाड्याने शिट्टी फुंकली आणि एक मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून वाटेतच खाली बसला तो चाळीस मिनिटं उठला नाही. तोवर दोघांचे कपडे ओले झाले, एकीने डबा फेकला, पाणवठा राहिलाच. वाटाड्याची काही चूक नव्हती, शिट्टीचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. परत गेटवर आल्यावर गाडीची वाट बघताना तोच मुलगा एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला. ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, रांगेने खाली-वर करत होत्या. अर्धा तास तो त्या रांगेकडे बघत होता. गाडी आली तरी हलेना. तेव्हापासून मी अंतर कापून टाकते आणि वेळ वाढवते. माझी वाट 300 पावलांची असते आणि तिला मी दोन तास देते.

300 पावलं कुठली, हे ठरवायला आधी स्वतः जाऊन या. फोनवर विचारून भागत नाही. फोनवर प्रत्येक जण ‘हो मॅडम, सगळी सोय आहे’ असंच म्हणतो. ज्या वेळी मुलांना नेणार त्याच वेळी जा, शक्य तर त्याच वारी. फणसाडला सुपेगावच्या गेटाशी थांबा आणि आधी संडास बघा. दार किती रुंद आहे, उंबरा आहे का, आत पाणी आहे का, कडी आतून लागते का, बाहेरून उघडता येते का. व्हीलचेअर आत जात नसेल तर जवळ आडोसा कुठे करता येईल ते पाहून ठेवा. एक जुनं लुगडं आणि चार हात पुरतात. सातवीतल्या मुलींची पाळी सहलीच्याच दिवशी येते असा माझा अनुभव आहे. विशेष मुलींच्या आयांना हे आधी विचारा, लाजू नका. कपड्यांचा एक जास्तीचा जोड प्रत्येकाचा, नाव घालून, वेगळ्या पिशवीत.

मग वाट चाला, पण नेहमीच्या चालीने नको. दर पंचवीस पावलांना थांबून बघा: इथे बसायला काय आहे, सावली किती वाजेपर्यंत राहील, काय हाताला लागतं, काय कानावर पडतं. मी अशी वाट निवडते की जिच्या कुठल्याही टोकावरून पाच मिनिटांत गाडीपाशी परत येता येतं. पाणवठ्यांना फणसाडमध्ये गाण म्हणतात. पळणाऱ्या मुलाला घेऊन गाणीकडे मुळीच जायचं नाही. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार असते. गर्दीतून निसटलेलं मूल मी आधी पाण्याच्या दिशेनेच शोधते.

त्याच फेरीत मोबाइलवर फोटो काढा: गाडी, गेट, खाकी गणवेशातला वनरक्षक, संडास, बसायचा दगड, मोठं झाड, डबा खायची जागा, परत गाडी. हे आठ फोटो छापून ओळीने चिकटवले की तुमच्या स्वमग्न मुलाची चित्रपट्टी तयार. आठवडाभर रोज शाळेत ती त्याच्यासमोर धरा. सहलीच्या दिवशी एकेक टप्पा झाला की तो फोटो त्याच्याच हाताने काढून पिशवीत टाकू द्या. ‘आता संपलं, आता घरी’ हे त्याला तुमच्या शब्दांतून कळत नसलं तरी पट्टीवर उरलेल्या फोटोंवरून कळतं. बाकीच्या चौघांनाही ती उपयोगी पडते. खरं तर सगळ्या वर्गालाच पडते, कारण ‘बाई, डबा कधी?’ हा प्रश्न बंद होतो.

फणसाड मलाही का पसंत आहे, तर तिथे हाताने बघण्याजोगं पुष्कळ आहे. एके काळचं हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. 1986 मध्ये अभयारण्य झालं, विस्तार सुमारे 70 चौरस किलोमीटर. त्यातलं आपल्याला गेटाजवळचं एक टोक पुरे. गारंबीचा वेल बघा. माणसाच्या मांडीएवढा जाड होतो, झाडांना पिळे घालत वर जातो आणि पुन्हा खाली येतो. शेंग हातापेक्षा लांब, तलवारीसारखी. आतली बी चपटी, तपकिरी, गुळगुळीत, तळहाताच्या खळग्यात बरोबर बसते. न बोलणाऱ्या मुलाच्या हातात ती ठेवा आणि काही सांगू नका. तो ती गालाला लावील, नखाने वाजवील, नाकाशी नेईल. तुमची शिकवणी त्याच्या आड येऊ देऊ नका.

इथे एक अडचण येते. अभयारण्यातून बी, पान, पीस, दगड काही बाहेर न्यायचं नसतं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तसं सांगतो आणि गेटवरचा माणूस पिशवी बघू शकतो. आणि हातात आलेली गारंबी तुमचा मुलगा सोडणार नाही. रडून गेट डोक्यावर घेईल. म्हणून सहलीच्या आधी काष्ठौषधीच्या दुकानातून गारंबीच्या आणि सागरगोट्याच्या बिया आणा. गारंबी तिथे नक्की मिळते. महिनाभर आधीपासून वर्गात त्या हाताळू द्या. प्रत्येकाची बी त्याच्या खिशात. जंगलात गेल्यावर खिशातली बी आणि वेलाखालची बी एकमेकीशेजारी ठेवायची, जोडी लावायची, आणि जंगलातली जंगलातच ठेवून यायचं. खिशात आपली आहे, त्यामुळे सोडायला जड जात नाही. जोडी लावणं हा खेळ तुमची दोन्ही मतिमंद मुलं बाकीच्यांइतक्याच चपळाईने खेळतील, पैज लावते.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी झाडांच्या साली निवडा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. नाणा या झाडाची साल त्यापुढे गुळगुळीत. सावरीच्या कोवळ्या खोडाला शंकूसारखे काटे. खरवतीचं पान घासकागदासारखं खरखरीत. दोन झाडांमध्ये कमरेच्या उंचीला एक सुती दोर धरा, त्याला वीस पावलांवर गाठी मारा. दोन मोठी मुलं दोराची टोकं धरतील. तो दोर धरून तो एकटा चालेल, कुणाचा हात न धरता. त्याच्या आईला विचारा, तो एकटा शेवटचा कधी चालला होता. डोळे मिटून बाकीच्यांनीही चालून बघावं. यात करमणूक म्हणून गोंधळ घालणारे दोघे-तिघे निघतातच, त्यांना दोराची टोकं धरायला लावा. सकाळी साडेआठच्या आत पोचलात तर शेकरूचा खडखडाट ऐकू येतो. शेकरू डोळ्यांनी दिसायला मान मोडते, आवाज मात्र सगळ्यांना सारखाच मिळतो. तांबट आणि कुटुर्गा या दोन पक्ष्यांचे आवाज आधी शाळेत मोबाइलवर ऐकवून ठेवा. जंगलात मात्र मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. पक्षी बिथरतात आणि वनरक्षक रागावतो, दोन्ही रास्त.

व्हीलचेअरबद्दल. सरकारी शिबिरातून मिळालेल्या खुर्चीची पुढची चाकं छोटी असतात. ती पाचोळ्यात आणि मुरमात रुततात आणि मूल तोंडघशी पडतं. खुर्ची थोडी मागे कलवून, मोठ्या चाकांवर तोलून, उलटी ओढत न्या. हे शाळेच्या मैदानात चार दिवस शिकून घ्या. आदल्या दिवशी चाकातली हवा आणि ब्रेक तपासा, छोटा पाना बरोबर ठेवा. पट्टा नसेल तर ओढणीने सैलसर बांधा, पण तिला विचारून. उचलून न्यायची वेळ आली तर तेही तिला विचारून. दहा-बारा वर्षांच्या मुलीला चार जण पोत्यासारखं उचलतात आणि वर ‘बघ, तुला पण नेलं’ म्हणतात, ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. ती ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांबायचं. तिची वाट 150 पावलांची होईल. तिच्याबरोबर दोन मैत्रिणी थांबतील, आणि तिथलं झाड ती बाकीच्यांना दाखवेल.

फिटवाल्या मुलीची गोळी सहलीच्या गडबडीत चुकते. आई पहाटे उठते, डबा करते, गोळी विसरते. गाडीत बसायच्या आधी तुम्ही स्वतः विचारा, ‘आज गोळी दिली?’ आदल्या रात्रीची झोपही पुरेशी हवी, म्हणून पहाटे चारला उठवणारी सहल तिच्यासाठी नको. फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवणारे काका प्रत्येक गाडीत असतात, त्यांना लांब ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108 ला फोन आणि गाडी दवाखान्याकडे. जंगलात मोबाइलला रेंज कुठे येते ते पहिल्या फेरीत बघून ठेवा.

आता मला खरी भीती कशाची वाटते ते सांगते. बिबट्याची अजिबात नाही. खाजकुयलीची वाटते. डिसेंबर-जानेवारीत तिच्या शेंगा वाळतात, सोनेरी मखमलीसारखी लव असते, आणि जे मूल प्रत्येक गोष्ट गालाला लावतं ते हीच शेंग आधी उचलतं. म्हणून पहिल्या फेरीत वाटेच्या दोन्ही बाजूंच्या वेली वनरक्षकाकडून ओळखून घ्या आणि शेंगा असतील ती बाजू सोडा. लव लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटून काढा, मग कपडे बदला, मग पाणी. रुंद चिकटपट्टीचं एक रीळ माझ्या पिशवीत कायम असतं. दुसरी गुंज. लाल-काळी, इतकी देखणी की सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला मोह होणारच. ती चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. काष्ठौषधीच्या दुकानात गारंबीशेजारीच गुंजाही असतात, त्या वर्गात आणू नका. काजऱ्याचं पिकलेलं फळ छोट्या संत्र्यासारखं दिसतं, आतल्या बिया विषारी. तुमच्या पाचांपैकी कोण काय तोंडात घालतो हे आयांना नेमकं विचारा. ‘नाही हो, काही नाही घालत’ या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही, पुन्हा विचारते. दगड उलटवून बघणं तर सगळ्यांनाच बंद. कोकणातला लाल विंचू साधा नसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध रुजवलं, त्याआधी ह्याच पट्ट्यात विंचवाने माणसं मरत. आणि आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर लावलेल्या बाईंसकट सगळ्यांनी मागे फिरायचं.

पळणाऱ्या मुलासाठी ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असं म्हणू नका. सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही. एका माणसाचं नाव घ्या: अमुक सर, आठ ते साडेअकरा, दुसरं काही काम नाही, फोटोही काढायचे नाहीत. मध्ये लघवीला जायचं तर नाव घेऊन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. मुलाला भडक नारिंगी टी-शर्ट घाला. पक्षी-निरीक्षणवाले म्हणतील मातकट कपडे घाला. त्यांचं बरोबर आहे, पण तुमचा मुलगा झुडपाआडून दिसणं जास्त महत्त्वाचं. खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आणि तो गाडीतून उतरलाच नाही तर? उतरत नाहीत काही मुलं. माझ्याबरोबर एकदा एक मुलगी होती. गाडीचं दार उघडं ठेवून पायरीवर बसली, तासभर. मी तिच्या शेजारी बसून सागरगोटा गाडीच्या पत्र्यावर घासला आणि तिच्या मनगटाला टेकवला. चटका बसल्यावर तिने हात झटकला, मग माझ्या हातातून सागरगोटा घेतला, स्वतः घासला आणि माझ्या मनगटाला लावला. दहा-बारा वेळा हेच चाललं. त्यानंतर ती उतरली, गाडीपासून सहा-सात पावलांवरच्या दगडावर बसली आणि सहल संपेपर्यंत तिथेच होती. तिच्या वहीत मी ‘सहलीला आली होती’ असं लिहिलं.

वर्गातल्या आणखी कुणी तुम्हाला रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावरची कासवं सुचवली असतील. कासवं मलाही आवडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून तिथे घरटी राखली आणि गावाने ते काम अंगावर घेतलं, त्याचं कौतुक आहेच. पण पहिल्या सहलीला नको. पिल्लं निघतील तर निघतील. सकाळी किंवा संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलायची आणि खाली काही नसलं तर परत फिरायचं. ज्या मुलाला चित्रपट्टीवर ‘कासव’ दाखवलंय त्याला हे पटत नाही. त्यात दोरीमागची गर्दी, आणि आवाज न करता उभं राहायचं. पुढे कधी नेलंत तर सुट्टीचे वार टाळा आणि व्हीलचेअर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून न्या, ती घट्ट असते. कोरड्या पट्ट्यात नारळाची झापं अंथरून वाट करता येते. कांदळवनातली होडी मात्र व्हीलचेअरवाल्या मुलीला फार मानवते, वेंगुर्ल्याकडे बायकांचे बचतगट अशा फेऱ्या चालवतात. होडीची वेळ भरतीची घ्या म्हणजे होडीचा काठ धक्क्याच्या जवळ येतो आणि उचलावं कमी लागतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा आजोबांचा हिशोब अजून चालतो, फक्त बंदरावरच्या माणसाला एकदा विचारून घ्या.

सहकाऱ्यांचं आणि मुख्याध्यापकांचं काय करायचं? वाद घालू नका, कागद ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये शाळेने या मुलांना खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी असं स्पष्ट आहे. पालकांची संमतीपत्रं घ्या, त्यात औषधं, ॲलर्जी, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, हे चार रकाने स्वतःहून वाढवा. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना त्या दिवशी बोलवा, ते येतात. वनपरिक्षेत्र कार्यालयाला पंधरा दिवस आधी पत्र द्या आणि त्यात ‘सहकार्य करावे’ एवढंच लिहू नका. नेमकं लिहा: एक व्हीलचेअर आहे, गाडी आतल्या अमुक जागेपर्यंत सोडावी, वाटाड्याने शिट्टी वाजवू नये, चालता चालता बोलू नये, थांबून मुलांकडे तोंड करून सावकाश बोलावं. नेमकं मागितलं की माणसं करतात, माझा तरी अनुभव तसा आहे. दोन-तीन आयांनाही बरोबर घ्या, पण प्रत्येकीला दुसरीचं मूल सांभाळायला द्या. स्वतःची आई शेजारी असली की मूल तिलाच चिकटतं.

डबा अकराला खाऊन घ्या, उघड्यावर नको, माकडं हातातली पोळी ओढतात आणि तेवढ्यावरून मुलाचा दिवस फिसकटतो. एकच पदार्थ खाणाऱ्या मुलाला सहलीच्या दिवशी पुलाव खायला शिकवू नका, त्याची बिस्किटंच आणा. साडेअकराला गाडीत. काशीद या वेळी रद्द.

पुढच्या वर्षी दुसरं ठिकाण शोधू नका. पुन्हा सुपेगाव, पुन्हा तीच 300 पावलं, वाटल्यास आणखी पन्नास. चित्रपट्टीचे फोटो लॅमिनेट करून ठेवा, डिसेंबरातल्या दवाने साधा कागद गाडीतून उतरेपर्यंत लगदा होतो.